अठरापगड बोलींचीं शहरें

अमेरिका म्हणजे इंग्रजी बोलणारा देश, अशी आपल्याकडील सुशिक्षितांचीहि सर्वसाधारण समजूत असते. मुलगा किंवा जांवई तिकडे स्थायिक झाला म्हणजे घरांतील वडील मंडळी निघण्यापूर्वीं इंग्रजी संभाषणाची उजळणी करूं लागतात, आणि शाळेंत शिकलेलें इंग्रजी तेथें पुरे पडेल कीं नाहीं ह्या विवंचनेंत सारा विमानप्रवास घालवितात. विवंचना अगदींच निराधार नसते. परंतु तेथील एखाद्या मोठ्या शहरांत चार दिवस काढले म्हणजे निराळाच अनुभव येतो. बसमध्यें शेजारीं बसलेली बाई दूरध्वनीवर आपल्या आईशीं भांडत असते ती स्पॅनिशमध्यें. भाजीच्या दुकानांत घासाघीस चाललेली असते ती चिनी बोलींत. भाड्याच्या मोटारीचा चालक कोणाशीं तरी हंसत बोलत असतो तो पंजाबींत, नाहीं तर अरबींत. इंग्रजी ही ह्या सर्वांची, चावडीवरच्या घोंगडीसारखी, सामाईक भाषा. बसावयास सर्वांना उपयोगी, परंतु घरीं कोणी पांघरीत नाहीं.

आंकडेच पाहावयाचे तर, अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या २०१९ सालच्या पाहणीप्रमाणें घरीं इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलणाऱ्या, पांच वर्षांवरील लोकांची संख्या सुमारें ६ कोटी ७८ लक्ष भरली. १९८० सालीं हीच संख्या सुमारें २ कोटी ३१ लक्ष होती. म्हणजे चाळीस वर्षांत ती जवळजवळ तिप्पट झाली, आणि आतां तेथील साधारण पांच माणसांतील एकाची घरची भाषा निराळी आहे. ह्यांत स्पॅनिशचा वांटा निम्म्याहून पुष्कळ अधिक; मग चिनी, फिलिपाइन्सची टागालोग, व्हिएतनामी, अरबी अशा रांगेनें बाकीच्या येतात.

हा प्रकार आजकालचा नव्हे. आजचें न्यूयॉर्क ज्या काळीं डच लोकांचें एक लहानसें ठाणें होतें, त्या काळीं, म्हणजे १६४३ सालीं, तेथें आलेल्या एका फ्रेंच पाद्र्यास तेथील अधिकाऱ्यानें सांगितलें कीं, ह्या वस्तींत अठरा भाषा बोलल्या जातात. वस्ती ती केवढी, तर चारपांचशें माणसांची! आपल्या अठरापगड शब्दाची आठवण व्हावी असाच हा आंकडा आहे. शिवाय इंग्रजी तरी तेथील मूळची कोठें आहे? मॅनहॅटन हें नांव तेथील मूळ रहिवासी लेनापे लोकांच्या भाषेंतलें. शिकागो हा शब्द त्या प्रदेशांतील आदिवासींनीं रानलसणीस दिलेल्या नांवाचा अपभ्रंश. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को हीं तर उघडउघड स्पॅनिश नांवें. कॅलिफोर्निया प्रांताच्या १८४९ सालच्या घटनेंत सर्व कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश ह्या दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावे असें कलमच होतें. १८७९ च्या घटनेंत तें राहिलें नाहीं. तेव्हां परभाषा कोणती आणि स्वभाषा कोणती, हा प्रश्न त्या देशांत वाटतो तितका सोपा नाहीं.

कानांनीं पाहावयाचें असेल (हा प्रयोग वैय्याकरणांनीं क्षमा करावा), तर न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागांतून जाणाऱ्या सात क्रमांकाच्या आगगाडींत बसावें. ही गाडी १९२८ पासून फ्लशिंगपर्यंत धांवते. क्वीन्समधील तिचा बहुतेक मार्ग रस्त्याच्या वर लोखंडी खांबांवर उभारलेला आहे, त्यामुळें खालचीं दुकानें व त्यांवरील पाट्या दिसत राहतात. लेकीकडे राहावयास गेलों असतां मीं ह्या गाडीनें पांच-सहा वेळां तरी प्रवास केला, आणि प्रत्येक खेपेस उतरण्याचें स्थानक चुकेल इतका कान डब्यांत गुंतून राही. फ्लशिंगला गाडी भरते ती चिनी आणि कोरियन बोलणाऱ्यांनीं. चिनी भाषेंतील स्वरांचे चढउतार ऐकून आपल्या वैदिकांच्या उदात्त-अनुदात्ताची आठवण येते. फरक एवढाच कीं, तेथें स्वर चुकला तर नुसतें पाप लागत नाहीं, शब्दच बदलतो. पुढें कोरोना भागांत मेक्सिको, एक्वादोर वगैरे देशांतील स्पॅनिशभाषी चढतात. जॅक्सन हाइट्सला दारें उघडलीं कीं एकदम आपल्या ओळखीचे ध्वनि आंत येतात: बंगाली, हिंदी, पंजाबी, नेपाळी, आणि त्यांत मिसळलेली तिबेटी. येथील एका रस्त्यास २०२३ सालीं बांगलादेशाचें नांव जोडण्यांत आलें. क्वीन्समध्यें निवडणुकीची मतपत्रिका इंग्रजीबरोबर स्पॅनिश, चिनी, कोरियन आणि बंगाली भाषांतहि छापलेली मिळते; १९७५ सालीं मतदानाच्या कायद्यांत जी दुरुस्ती झाली तिचें हें फळ. वुडसाइडच्या आसपास टागालोग ऐकूं येते. मॅनहॅटनला पोहोंचेपर्यंत डब्यांतील माणसें दोनदां तरी बदललेलीं असतात, आणि तीं शेजारीं शेजारीं बसूनहि एकमेकांचें अक्षर समजत नाहींत.

संस्कृत शिकलेल्या माणसाला ह्या कोलाहलांत निराळीच करमणूक होते. पलीकडची स्पॅनिश बाई मुलाला आंकडे शिकवीत असेल तर 'दोस', 'त्रेस', 'सिएते' हे शब्द कानीं येतात, आणि त्यांच्यामागें उभे असलेले द्वि, त्रि, सप्त ओळखूं येतात. ब्रुकलिनच्या ब्रायटन बीचवर रशियन म्हाताऱ्या 'द्वा', 'त्री' म्हणतात तेव्हां तर अंतर आणखी कमी होतें. १७८६ सालीं कलकत्त्यास सर विल्यम जोन्स ह्यांनीं ह्या भाषाभगिनींविषयीं जें व्याख्यान दिलें तें आपण पुस्तकांत वाचतों. येथें त्याचें प्रात्यक्षिक दीडदोन तासांत होतें. टागालोग ही तर दूरच्या कुळांतली भाषा. परंतु तींतहि चेहऱ्याला 'मुखा' आणि शिक्षकाला 'गुरो' म्हणतात. समुद्रापलीकडे गेलेले हे आपले शब्द पुनः दुसऱ्या समुद्रापलीकडे भेटावे, ह्याचें कोणाला कौतुक वाटणार नाहीं? फ्लशिंगलाच बाउन नांवाच्या रस्त्यावर गणपतीचें देऊळ आहे. १९७७ सालीं तेथें प्राणप्रतिष्ठा झाली, आणि २०२२ सालीं रस्त्याच्या त्या भागाला देवळाचेंहि नांव देण्यांत आलें. तेथें अथर्वशीर्ष ऐकलें; उच्चार दाक्षिणात्य, परंतु शुद्ध.

न्यूयॉर्कच्या परिसरांत एकंदर भाषा तरी किती? लुप्त होऊं पाहणाऱ्या भाषांसाठीं २०१० सालीं तेथें एक संस्था स्थापन झाली आहे. तिनें केलेल्या नकाशांत सातशेंहून अधिक भाषांची नोंद आहे. त्यांतील एकीची हकीकत मोठी विलक्षण आहे. नेपाळांतील मुस्तांग प्रदेशांत पांच खेड्यांत 'सेके' नांवाची भाषा बोलतात. ती बोलणारे सर्व मिळून सुमारें सातशें. त्यांपैकीं शंभरांहून अधिक माणसें आज न्यूयॉर्कांत आहेत, आणि त्यांतील पुष्कळशीं ब्रुकलिनमधील एकाच मोठ्या इमारतींत. हिमालयांतील एक अख्खें गांव जणूं उभें करून मजल्यामजल्यांवर रचून ठेवावें, तसें. जिन्यांत ती भाषा ऐकूं येते आणि रस्त्यावर आलें कीं संपते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तींतील एका जुन्या संस्थेविषयीं मला विशेष आदर वाटतो. ती म्हणजे तेथील दूरध्वनि-केंद्र. १९०६ च्या भूकंपांत शहर उद्ध्वस्त झाल्यावर १९०९ सालीं वॉशिंग्टन रस्त्यावर ह्या केंद्राची तीन छपरांची, चिनी देवळाच्या घाटाची इमारत उभी राहिली. चिनी लोकांना माणसाला आंकड्यानें हांक मारणें असभ्यपणाचें वाटे. म्हणून तेथें क्रमांक न सांगतां अमक्या गृहस्थाला जोडून द्या असें सांगत. आणि जोडून देणाऱ्या मुलींना दीड हजारांहून अधिक गिऱ्हाइकांचीं नांवें, पत्ते, उद्योग, सारें तोंडपाठ असे. आपल्याकडे एखाद्या गांवांत जोशी आडनांवाचीं पंचवीस घरें असावीं आणि टपालवाल्यानें नुसत्या हाकेवरून कोणते जोशी तें ओळखावें, तशांतला हा प्रकार. शिवाय चिनी भाषेच्या निरनिराळ्या बोली आणि इंग्रजी ह्या सर्वांचें ज्ञान त्यांना लागे. ज्या काळांत हें चालें तो काळ चिनी लोकांना अनुकूल मुळींच नव्हता. १८८२ सालीं चिनी मजुरांना देशांत येण्यास बंदी करणारा कायदा झाला, तो १९४३ पर्यंत रद्द झाला नाहीं. बाहेर अशी अवस्था असतां ह्या इमारतींत माणसाचें नांव राखलें जात होतें. १९४९ सालीं चकती फिरवून क्रमांक लावण्याची सोय आली आणि केंद्र बंद झालें. इमारत अजून आहे; तींत बँक आहे.

न्यूयॉर्कच्या पूर्व भागांत अशीच एके काळीं यिडिश भाषा दुमदुमत होती. पूर्व युरोपांतून आलेल्या यहुदी शिंप्यांची व कारागिरांची ही बोली. 'फॉरवर्ड' नांवाचें त्यांचें वर्तमानपत्र १८९७ सालीं निघालें आणि १९२० च्या सुमारास त्याचा खप दोन लाखांवर गेला होता. १९०६ पासून त्यांत वाचकांच्या पत्रांचें एक सदर सुरू झालें. नवरा सोडून गेलेल्या बायका, मुलांनीं धर्म सोडल्याबद्दल दुःखी झालेले बाप, मालकाच्या जाचानें गांजलेल्या पोरी, सर्वजण आपलें गाऱ्हाणें त्यांत स्वतःच्या भाषेंत मांडीत व संपादक त्यांना सल्ला देत. ह्याच पत्रांत लिहिणारे आयझॅक बाशेव्हिस सिंगर ह्यांस १९७८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. २०१९ सालीं पत्राची छापील आवृत्ति बंद झाली. यिडिश मेली म्हणावें तर तसेंहि नाहीं. ब्रुकलिनमधील कर्मठ यहुदी घरांतून मुलें आजहि तींतच खेळतात. हट्टी आणि सोंवळ्या लोकांनीं भाषा राखली, सुधारकांनीं वर्तमानपत्र राखलें, आणि शेवटीं पत्र गेलें. ह्यावर वाचकांनीं काय तो विचार करावा.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, अमेरिकेंत ज्यानें त्यानें आपली भाषा सुखानें बोलावी, कोणी हरकत घेत नाहीं. तसें नाहीं. जर्मन भाषेची कथा ऐकण्यासारखी आहे. अठराव्या शतकांत पेनसिल्व्हानियांत जर्मनांची इतकी वस्ती होती कीं, खुद्द बेंजामिन फ्रँकलिन ह्यांनीं १७३२ सालीं तेथें जर्मन वर्तमानपत्र काढून पाहिलें. तें चाललें नाहीं. आणि पुढें १७५१ सालीं हेच गृहस्थ, हे जर्मन लोक आम्हांलाच जर्मन करून सोडतील, असा त्रागा करूं लागले! १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची बातमी सर्वांआधीं, ५ जुलै रोजीं, छापली ती फिलाडेल्फियांतील एका जर्मन पत्रानें. ओहायो प्रांतांत १८३९ च्या कायद्यानें सरकारी शाळांतून जर्मन शिकविण्याची मुभा मिळाली, आणि सिनसिनाटी शहरांतील पुष्कळ मुलें दोन्ही भाषांत शिकूं लागलीं. कालवा ओलांडून जर्मन वस्तींत जाणें ह्याला त्या शहरांत 'ऱ्हाइन नदीच्या पलीकडे जाणें' म्हणत. त्या भागाचें नांव आजहि तेंच आहे.

मग १९१७ सालीं अमेरिका महायुद्धांत उतरली आणि जर्मन ही एका रात्रींत शत्रूची भाषा झाली. आयोवा प्रांताच्या गव्हर्नरनें २३ मे १९१८ रोजीं फर्मान काढलें कीं, शाळांत, सार्वजनिक जागीं, आगगाडींत आणि दूरध्वनीवर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलूं नये; ज्यांना इंग्रजी येत नसेल त्यांनीं देवाची प्रार्थनाहि आपापल्या घरांत करावी. हें फर्मान केवळ जर्मनांपुरतें नव्हतें. डेन्मार्क व नॉर्वेहून आलेले, बोहेमियांतून आलेले, सारेच त्यांत सांपडले. स्कॉट परगण्यांत दूरध्वनीच्या सामाईक तारेवर कांहीं शेतकरी बायका आपसांत जर्मन बोलल्या, म्हणून त्यांना २२५ डॉलर दंड झाला व तो रेड क्रॉसला देण्यांत आला. त्या काय बोलल्या असतील? अंडीं, लोणी, कोणाची सून बाळंत झाली, हेंच कीं नाहीं? डिसेंबर १९१८ मध्यें फर्मान मागें घेण्यांत आलें.

शेजारच्या नेब्रास्का प्रांतानें १९१९ सालीं कायदाच केला. आठवी इयत्ता उत्तीर्ण होईपर्यंत कोणत्याहि मुलाला, कोणत्याहि शाळेंत, मग ती खासगी असो कीं धार्मिक, परभाषा शिकवावयाची नाहीं. हॅम्प्टन नांवाच्या खेड्यांत ल्यूथर पंथाची एक लहान शाळा होती. तेथील शिक्षक रॉबर्ट मायर हे मधल्या सुटींत मुलांना जर्मनमधून बायबलांतील गोष्टी वाचावयास शिकवीत. सुटींत शिकविलें म्हणजे शाळेंत शिकविलें असें होत नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद. २५ मे १९२० रोजीं परगण्याचा सरकारी वकील वर्गांत आला. दहा वर्षांचा एक मुलगा त्या वेळीं जर्मन वाचीत होता. मायर ह्यांनीं मागाहून जें सांगितलें त्याचा आशय असा कीं, त्या क्षणीं इंग्रजींत बोलूं लागलों असतों तर वकील मुकाट्यानें परत गेला असता, हें त्यांना कळत होतें. परंतु ते डगमगले नाहींत, जर्मन पाठ तसाच पुढें चालला. त्यांना २५ डॉलर दंड झाला.

दंड भरून मोकळें होणें सोपें होतें. पण तो भरला गेला नाहीं, आणि प्रकरण वरवर चढत गेलें. नेब्रास्काच्या वरिष्ठ न्यायालयानें शिक्षा कायम केली, मात्र त्या न्यायालयाच्या मतें लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू ह्या मृत भाषांना कायद्याची बंदी लागूं नव्हती. बंदी होती ती जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश अशा जिवंत भाषांना. हा निवाडा वाचून मला हंसूं आवरेना. संस्कृतला मृत भाषा म्हणणाऱ्यांशीं जन्मभर वाद घातला. त्या खेड्यांत संस्कृतची पाठशाळा असती तर मात्र तो वाद सोडून द्यावा लागला असता, कारण तेथें मेलेल्या भाषेलाच जगण्याचा परवाना होता! असो. ४ जून १९२३ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं मायर ह्यांना दोषमुक्त केलें. शिक्षकाला आपला धंदा करण्याचा आणि आईबापांना आपल्या मुलाच्या शिक्षणाची दिशा ठरविण्याचा हक्क घटनेनेंच दिलेला आहे. तो सरकारला असा मनमानी काढून घेतां येत नाहीं, असें न्यायमूर्तींनीं ठरविलें. तेथील घरगुती हक्कांविषयींच्या खटल्यांत हा निवाडा आजहि आधारास घेतात. एका खेडेगांवच्या मास्तरानें सुटीच्या अर्ध्या तासांत हें मिळविलें. परंतु जर्मन मात्र शहरांच्या रस्त्यांवरून बहुतेक गेली. निकाल लागला तोंपर्यंत पुष्कळ आईबापांनीं मुलांशीं ती बोलणें सोडून दिलें होतें.

त्याच सुमारास डेट्रॉइटमध्यें हेन्री फोर्ड ह्यांच्या कारखान्याची इंग्रजी शाळा होती. तिच्या पदवीदान समारंभांत रंगमंचावर एक अवाढव्य कढई ठेवीत. निरनिराळ्या देशांचे कामगार आपापल्या वेषांत तींत उतरत, आणि पलीकडून कोट-पाटलोण घालून, हातांत निशाण घेऊन बाहेर येत. आज त्याच फोर्डच्या डिअरबॉर्न गांवांत दुकानांच्या पाट्या अरबींत आहेत, आणि २०२२ सालीं तेथील नगरसभेनें मतपत्रिकाहि अरबींत छापण्याचें ठरविलें.

भाषा न समजल्यानें केवढा अनर्थ होतो ह्याचें एक उदाहरण तेथील वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतात. १९८० च्या जानेवारींत फ्लॉरिडांत एका अठरा वर्षांच्या तरुणाला बेशुद्ध अवस्थेंत रुग्णालयांत आणलें. घरचीं माणसें क्यूबाचीं. खाण्यांतून कांहीं बाधलें असावें अशी त्यांची समजूत, म्हणून त्यांनीं 'इन्तोक्सिकादो' हा आपल्या भाषेंतला शब्द वापरला. डॉक्टरांनीं तो इंग्रजी 'इंटॉक्सिकेटेड' समजून, पोरानें मादक द्रव्य घेतलें आहे, असें निदान केलें व त्यावरच उपचार चालविले. वास्तविक त्याच्या मेंदूंत रक्तस्राव होत होता. तो वांचला, पण हातपाय कायमचे लुळे पडले. पुढें भरपाईची तडजोड झाली ती सुमारें सात कोटी दहा लक्ष डॉलरांची. शब्द सारखा दिसला म्हणून अर्थ सारखा नसतो, हें आपणांस नवीन नाहीं. मुलाची 'शिक्षा' पूर्ण झाली असें एखाद्या उत्तर हिंदुस्थानी गृहस्थानें आनंदानें सांगितलें, तर आपल्याकडील आजीबाईंना पोरगा तुरुंगांतून सुटून आला असेंच वाटावयाचें.

अशा वेळीं दुभाषा म्हणून बहुधा पुढें होतें तें घरांतील मूल. नऊ-दहा वर्षांची पोर आईबरोबर डॉक्टरकडे जाते, घरमालकाशीं बोलते, बापाला आलेलें कोर्टाचें पत्र वाचून दाखविते. बाहेरच्यांना ह्याचें कौतुक वाटतें. परंतु जेथें एकत्र कुटुंबाची शिस्त माहीत आहे अशा आपल्या वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, ह्यांत घराची घडी उलटी होते. आईच्या पोटांतील गांठीची वार्ता आईला प्रथम मुलीनें सांगावयाची. शाळेंतून आलेली स्वतःविषयींची तक्रार मुलानें स्वतःच बापाला वाचून दाखवावयाची, आणि ती किती खरी सांगावयाची हें त्याच्याच हातीं. अधिकार वडिलांचा, आणि किल्ली लेकराच्या कमरेला. हा धोका ओळखून २०१६ च्या नियमांनीं सरकारी साह्य घेणाऱ्या रुग्णालयांना, आणीबाणीची वेळ सोडून, लहान मुलांवर दुभाष्याचें काम टाकण्यास मनाई केली. १९८२ सालीं सॅन होझे शहरांतील एका पोलिसाला व्हिएतनामी निर्वासितांशीं बोलतां येईना, त्यांतून दूरध्वनीवर दुभाषा मिळवून देण्याची योजना निघाली. ती आतां देशभर चालते. शाळांच्या बाबतींत १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या बाजूनें असा निकाल दिला होता कीं, ज्याला भाषाच समजत नाहीं त्याला इतरांसारखेंच बांक आणि पुस्तक दिलें म्हणजे समान शिक्षण दिलें असें होत नाहीं.

ह्यांतहि भरती-ओहोटी चालूच असते. मायामीच्या परगण्यानें १९७३ सालीं इंग्रजी-स्पॅनिश दोन्ही मानल्या, १९८० सालीं केवळ इंग्रजीचा नियम केला, आणि १९९३ सालीं तो मोडला. संबंध देशाला कायद्यानें ठरविलेली भाषा अडीचशें वर्षें नव्हती. १ मार्च २०२५ रोजीं अध्यक्ष ट्रम्प ह्यांनीं हुकूम काढून इंग्रजी ही अधिकृत भाषा ठरविली, आणि इंग्रजी न येणाऱ्यांची सोय करण्याविषयींचा २००० सालचा हुकूम रद्द केला. इतर भाषांत मदत देण्यास सरकारी कचेऱ्यांना नव्या हुकुमानें बंदी नाहीं. सक्ती तेवढी गेली.

परंतु खरें सांगावयाचें तर ह्या बोलींना हुकुमांपासून जितकें भय आहे त्याहून अधिक नातवंडांपासून आहे. तिकडील भाषाशास्त्रज्ञांनीं पुनः पुनः नोंदलेला क्रम असा: पहिली पिढी आपली भाषा बोलते व इंग्रजी मोडकें, दुसरी दोन्ही बोलते, तिसरीला आजीची भाषा समजली तर समजली. इटालियनांचें असें झालें, पोलिशांचें झालें. स्पॅनिश सर्वत्र ऐकूं येते ती मुख्यतः नवीं माणसें येत राहतात म्हणून.

आपली मराठी ह्या वाटेवर नुकतीच लागली आहे. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं न्यूजर्सींतील रोझेल गांवीं जाऊन राहिल्या, तेव्हां मराठीचा आधार म्हणजे मायदेशाहून येणारीं पत्रें. १८८६ च्या मार्चमध्यें त्यांच्या पदवीदानास पंडिता रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या, तेव्हां दोन मराठी स्त्रियांचें बोलणें त्या शहरानें कदाचित् प्रथमच ऐकलें असेल. १९६५ च्या कायद्यानें आशियांतील लोकांस दार उघडलें. शिकागोचें महाराष्ट्र मंडळ १९६९ सालीं निघालें, आणि मंडळांचें बृहन्मंडळ १९८१ सालीं. आतां त्याच न्यूजर्सींत ओक ट्री रस्त्यावर वाणसामानाच्या दुकानांत गुजराथी व तेलुगू ह्यांच्या गर्दींतून 'अगं, ही कोथिंबीर शिळी आहे' असें वाक्य कानीं आलें म्हणजे मान आपोआप वळते. पुष्कळ गांवीं रविवारच्या मराठी शाळा चालतात. शिकविणारीं मंडळी दिवसभर नोकरी करून वर हें करतात, आणि बिनपगारी.

त्या शाळांतून अक्षरओळख होते. भाषा घरांतच व्हावयाची. आजी मराठींत विचारते व नातू इंग्रजींत उत्तर देतो, असें दृश्य तेथील घरोघर आहे. त्या उत्तरावर हंसावें कीं रागवावें, ह्याविषयीं माझ्या लेकीच्या घरीं एक नियम आहे, आणि तो मला पटला. तिची धाकटी सात वर्षांची. नपुंसकलिंग ही गोष्ट तिच्या गांवीं नाहीं. 'आजोबा, तो पुस्तक कुठे आहे?' असें ती विचारी. ज्यानें पस्तीस वर्षें व्याकरण शिकविलें त्याला ती चूक भातांतील खड्यासारखी लागते. परंतु नियम असा कीं, चूक दाखवावयाची नाहीं. उत्तर देतांना शुद्ध रूप आपण वापरावयाचें, बस. 'तें पुस्तक कपाटावर आहे हो, बाळ.' चूक दाखविली कीं मूल इंग्रजीच्या आडोशाला जातें आणि मग बाहेर येत नाहीं, असें लेकीचें म्हणणें; आणि शेजारच्या दोन घरांत तसें झालेलें मीं पाहिलेंहि. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पोरगी आपण होऊन 'तें पुस्तक' म्हणूं लागली. दूध मात्र अजून स्त्रीलिंगीच आहे.